रविवारची रजा आणि ठाण्याचे नारायण मेघाजी लोखंडे

आठवड्याचे सहा दिवस कल्याण, डोंबिवली आणि ठाणें येथील स्थानकांवर पहांटेपासून जी गर्दी उसळते, ती रविवारीं बरीच ओसरते. शाळेची घंटा त्या दिवशीं वाजत नाहीं, बहुतेक कचेऱ्यांना कुलपें असतात, आणि घरांतील कर्ता माणूस उशिरां उठला तरी त्याला कोणी बोल लावीत नाहीं. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती कोणीं मागितली, कोणापाशीं मागितली आणि तिच्यासाठीं किती वर्षें झगडावें लागलें, हा विचार मनांत क्वचितच येतो. सूर्योदय आणि सूर्यास्त यांप्रमाणें रविवारही सृष्टिक्रमांतलाच असावा, असें आपण धरून चालतों. मुंबईच्या गिरणी-कामगारांना मात्र तो १८९० सालापर्यंत नव्हता. तो मिळवून देण्यांत ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे आपल्या या ठाणें शहरांत जन्मले, आणि हें ठाण्यांतील पुष्कळांना ठाऊकही नसतें. म्हणून त्यांचें चरित्र या पानांत सांगण्याचें योजिलें आहे.

नारायणरावांचा जन्म १८४८ सालीं एका गरीब फुलमाळी कुटुंबांत झाला. मूळ गांव पुणें जिल्ह्यांतील कन्हेरसर. पोटापाण्यासाठीं घाट उतरून कोंकणपट्टींत आलेल्या असंख्य कुटुंबांपैकीं हें एक. त्यांचें शिक्षण ठाण्यांतच झालें. ते पांच वर्षांचे असतांना, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली, आणि पुढील वर्षीं खाडीवरील पूल ओलांडून ती कल्याणास पोंचली. त्याच सुमारास कावसजी दावर यांनीं ताडदेव येथें सूतगिरणी काढण्याचें काम हातीं घेतलें. ती १८५६ पासून चालूं लागली. पुढें तीस वर्षांच्या आंत मुंबईच्या आकाशांत जिकडे तिकडे धुराडीं दिसूं लागलीं. म्हणजे ज्या दोन गोष्टींनीं या प्रदेशांतील माणसाचें आयुष्य मुळापासून बदललें, ती आगगाडी आणि ती गिरणी, या दोन्ही लोखंडे यांच्या बालपणाबरोबरच वाढल्या.

शिक्षण आटोपल्यावर त्यांनीं प्रथम रेल्वेंत व नंतर टपाल खात्यांत नोकरी केली, आणि पुढें मुंबईंत मांडवीच्या एका कापड-गिरणींत ते स्टोअरकीपर झाले. वरवर पाहतां ही नोकरी साधीच. परंतु गिरणीच्या कोठाराचा हिशेब ठेवणारा मनुष्य असा असतो कीं, मालकाची वही आणि कामगाराचा हात हीं दोन्ही त्याला सारखीं दिसतात. बॉबिनी, धोटे, पट्टे, तेल यांपैकीं काय तुटलें, काय झिजलें आणि त्याला किती पैसे पडले, याची नोंद त्याच्या दप्तरीं होते. माणूस मोडला तर त्याची नोंद कोणत्याही दप्तरीं होत नाहीं. लोखंडे यांच्या पुढील आयुष्याचें बीज या कोठारांत रुजलें, असें मला वाटतें.

त्या काळचें गिरणींतील काम सूर्यावर चाले. उजाडतांना यंत्रें सुरू होत आणि दिवस मावळला म्हणजे थांबत. थंडीच्या दिवसांत हा काळ अकरा तासांच्या आसपास भरे, उन्हाळ्यांत तेरा तासांवर जाई. दुपारीं ठरलेली विश्रांति नव्हती. हातांतलें काम शेजाऱ्यावर सोंपवून घाईनें चार घांस गिळावयाचे. रविवारीं यंत्रें बंद असलीं तरी तीं पुसून साफ करण्यासाठीं कामगारास हजर राहावें लागे. सणासुदीची सुटी मिळे तेवढीच. पगार तर महिना उलटून गेल्यावरही हातीं पडेल याची शाश्वति नसे, कारण थकलेला पगार हाच कामगारास बांधून ठेवण्याचा दोर होता. हात सांपडला, बोटें गेलीं, तर नशिबास बोल लावून गांवीं जावयाचें. आणि या रांगेंत सात-आठ वर्षांचीं मुलेंही उभीं असत.

लोखंडे यांच्या मनाची घडण झाली ती जोतीराव फुले यांच्या सहवासांत. फुल्यांनीं १८७३ सालीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. त्याच्या मुंबईंतील कार्याचा भार लोखंडे यांनीं उचलला, आणि १८८० सालीं, कृष्णराव भालेकर यांनीं तीन वर्षांपूर्वीं पुण्यास काढलेलें ‘दीनबंधु’ हें साप्ताहिक त्यांनीं मुंबईस आणून आपल्या हातीं घेतलें. मृत्यूपर्यंत तें त्यांनीं चालविलें. गुरुशिष्यांचें सर्वच बाबतींत पटलें असें मात्र नव्हे. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकाचीं कांहीं प्रकरणें छापून लोखंडे यांनीं पुढील छापण्याचें थांबविलें, तेव्हां फुले रुष्ट झाले आणि त्यांनीं ती नाराजी लपविली नाहीं. लोखंडे हे स्वभावतः बेताबेतानें पाऊल टाकणारे गृहस्थ होते. सरकाराशीं उघड वैर न धरतां त्याच्याकडून जेवढें पदरांत पाडून घेतां येईल तेवढें घ्यावें, ही त्यांची रीत. या रीतीबद्दल मतभेद होऊं शकेल. पण अर्ज, सभा, सह्या आणि पुन्हा अर्ज, या चिकाटीच्या कामास असाच मनुष्य लागतो, हेंही खरें.

आतां त्यांच्यापुढें जो पेंच होता तो सांगितला पाहिजे, कारण तो समजल्यावांचून त्यांच्या कार्याचें मोल कळणार नाहीं. हिंदुस्थानांतील गिरणी-कामगाराची कींव सर्वांत मोठ्यानें कोण करीत होतें? लँकेशायर. तेथील गिरणीमालकांना मुंबईचें सूत डोळ्यांत सलत होतें. इंग्लंडांत मजुरांचे तास कायद्यानें आंखले गेले असतां मुंबईच्या गिरण्यांना कसलेंच बंधन नसावें, हें त्यांना अन्यायाचें वाटे, आणि तेथील मजुरांनाही आपल्या पोटावर पाय येण्याची धास्ती होती. विलायतेंत गिरणी-कामगारांसाठीं हयात घालविलेले लॉर्ड शॅफ्ट्‌सबरी यांनीं १८७५ सालीं हा प्रश्न पार्लमेंटांत मांडला, तो भूतदयेच्या पोटीं. तथापि त्यांच्या दयेच्या आडून व्यापाऱ्यांचा स्वार्थही बोलत होता, हें नाकारतां येत नाहीं. मुंबईंत सोराबजी शापुरजी बंगाली या उदार पारशी गृहस्थांनीं १८७८ सालीं कायद्याचा मसुदा स्वतः तयार केला. मुंबई सरकारनें तो पुढें नेला नाहीं. शेवटीं १८८१ सालीं पहिला कारखान्यांचा कायदा झाला, तो फारच तोकडा. शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या कारखान्यांपुरता तो होता. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊं नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, एवढेंच त्याचें मुख्य सांगणें. स्त्रिया आणि प्रौढ पुरुष यांचे तास त्यानें आंखलेच नाहींत.

यामुळें देशांतील बहुतेक सुशिक्षित मंडळी व त्यांचीं वर्तमानपत्रें कायद्याच्या विरुद्ध उभीं होतीं. कारखान्यांचा कायदा म्हणजे मँचेस्टरचा कावा, तो पत्करणें म्हणजे आपल्या बाळसें धरूं लागलेल्या धंद्याचा गळा आवळणें, असा त्यांचा पक्ष होता. आणि त्यांत तथ्य मुळींच नव्हतें असें नाहीं. कापसाच्या मालावरील आयात जकात १८८२ सालीं उठविण्यांत आली, ती लँकेशायरच्याच दडपणानें. अशा वेळीं कामगाराची बाजू घेणाऱ्यास देशाचा शत्रु ठरविणें सोपें होतें. लोखंडे यांनीं ती जोखीम पत्करली. मँचेस्टरच्या मालकाचा हेतु कोणताही असो, मुंबईच्या कामगाराची पाठ दुखते ती खरीच दुखते, आणि ती दुखते हें त्याच्या वतीनें विलायतेंतल्या व्यापाऱ्यानें कां सांगावें? तें त्याचें त्यानेंच सांगावें, ही त्यांची भूमिका त्यांच्या सर्व कृतींतून दिसते.

मुंबई सरकारनें १८८४ सालीं कारखान्यांच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें. लोखंडे यांनीं ती संधि साधून त्या वर्षींच्या सप्टेंबर महिन्यांत परळास सुपारीबागेंत कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यांतील मागण्या आज वाचल्या म्हणजे त्यांच्या साधेपणाचेंच नवल वाटतें. दर रविवारीं पुरता एक दिवस सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा. कामावर असतांना जायबंदी झालेल्यास बरें होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जो कायमचा अधू झाला त्याच्या निर्वाहाची तजवीज करावी. तास दहावर आणावे अशी मागणी त्यांत नाहीं, पगारवाढ नाहीं. सूर्याबरोबर उठावें आणि सूर्याबरोबर निजावें, एवढीच ती विनंति. तीही मान्य झाली नाहीं. याच सुमारास त्यांनीं गिरणी-कामगारांची संस्था उभी केली, जी पुढें ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ या नांवानें ओळखली गेली.

मध्यंतरीं पांच-सहा वर्षें गेलीं. त्या वर्षांत जगांत दुसरीकडे काय चाललें होतें, तें येथें पाहणें अवश्य आहे. अमेरिकेंतील कामगार-संघांच्या महासंघानें १८८८ च्या डिसेंबरांत असें ठरविलें कीं, १ मे १८९० या दिवसापासून आठ तासांच्या दिवसासाठीं लढा द्यावा. पुढील जुलैंत पॅरिस येथें निरनिराळ्या देशांतील कामगार-प्रतिनिधींची परिषद भरली. तिनें हीच तारीख उचलून सर्व देशांत एकाच दिवशीं निदर्शनें करण्याचा ठराव केला. मे दिनाची चाल पडली ती अशी. आणि अमेरिकेंत या लढ्याच्या आघाडीस कोणास उभें करावयाचें असा प्रश्न आला, तेव्हां निवड झाली ती सुतारांच्या संघाची. हा संघ १८८१ सालीं शिकागो येथें स्थापन झाला होता, त्याचे चिटणीस पीटर मॅकग्वायर स्वतः सुतार होते, आणि संघटनेची बळकटी व शिल्लक या दोहोंतही तो पुढें होता. १ मे रोजीं सुतारांनीं हत्यारें खालीं ठेविलीं आणि पुष्कळ शहरांतून आठ तासांचा दिवस मिळविला.

सुतार किंवा लांकूडकाम करणारे कारागीर अशा कामांत पुढें असावे, याला कारण आहे. सुतार आपल्या हत्यारांची पिशवी खांद्यास लावून गांवोगांव फिरतो. युरोपांत तर उमेदवारी संपलेल्या कारागिरानें कांहीं वर्षें देशोदेशीं काम करीत हिंडावें, अशी जुनी रूढि होती. जर्मनींतला सुतार स्वित्झर्लंडांत गेला कीं तेथील मजुरी उतरण्याचें भय. एका गांवीं संप झाला कीं दुसऱ्या देशांतून सुतार आणण्याची मालकास सोय. तेव्हां एका देशाच्या संघाचा सभासद दुसऱ्या देशाच्या संघानें आपला म्हणून स्वीकारावा आणि कोठें संप चालू आहे हें एकमेकांस वेळीं कळवावें, ही त्यांची व्यवहारांतली गरज होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं लांकूडकाम करणाऱ्यांचा जो आंतरराष्ट्रीय संघ युरोपांत उभा राहिला, त्याच्या मुळाशीं ही गरज होती. मुंबईच्या कामगारास अशी सोय कोठची? तो रत्नागिरीहून गलबतानें किंवा साताऱ्याहून घाटानें आलेला. त्याचें दुसरें जग म्हणजे गांवचें शेत. परदेशाशीं त्याचा संबंध होता तो एवढाच, कीं त्याच्या तासांचा हिशेब मँचेस्टरमध्यें मांडला जात होता.

तरी काळाची हवा एकच होती. १८९० च्या मार्च महिन्यांत जर्मनीच्या बादशहानें बर्लिन येथें निरनिराळ्या सरकारांची परिषद बोलाविली. मुलांचें काम, स्त्रियांचें काम आणि रविवारची विश्रांति हे तिच्यापुढील विषय होते. तिचे पडसाद विलायतेमार्गें हिंदुस्थान सरकारपर्यंत आले. इकडे लोखंडे स्वस्थ नव्हते. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मी येथील शर्यतीच्या मैदानावर त्यांनीं कामगारांची सभा बोलाविली. दहा हजार कामगार आले. दोन कामगार स्त्रियांनीं त्या सभेंत उभें राहून भाषणें केलीं. ज्या काळीं घरंदाज बायका सभेस जाण्यासही कचरत, त्या काळची ही गोष्ट आहे. सभेनें पुन्हा आठवड्याच्या सुटीची मागणी केली. अमेरिकेंतील सुतारांनीं हत्यारें खालीं ठेविलीं त्याच्या अगोदर बरोबर एक आठवडा! महालक्ष्मीच्या मैदानावरच्या माणसास शिकागोच्या सुताराचें नांव ठाऊक नव्हतें आणि शिकागोच्या सुतारास याचें.

रविवारच मागण्यांत लोखंडे यांचें चातुर्य दिसतें. कचेऱ्या, शाळा आणि न्यायालयें त्या दिवशीं बंद असत, त्यामुळें साहेबास तो समजावून सांगावा लागत नव्हता. आणि रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळें कामगारासही तो परका नव्हता. मालकांस तो सोइस्कर होता, कारण वाफेचें यंत्र सर्वांसाठीं एकदम थांबवितां येई. १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी देण्याचें मान्य केलें.

त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें नवें कमिशन नेमलें. त्यांत मुंबईपुरते सहकारी म्हणून लोखंडे यांस घेण्यांत आलें. गिरणीच्या कोठारांतला कारकून सरकारी चौकशीच्या मेजाशीं येऊन बसला. पुढील सालच्या कायद्यानें आठवड्याची सुटी सर्वांसाठीं बंधनकारक केली, दुपारचा अर्धा तास दिला, स्त्रियांचे तास अकरावर आणले, नऊ वर्षांखालील मुलांस कामास मज्जाव केला आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांस सात तासांची मर्यादा घातली. पन्नास माणसांच्या कारखान्यांसही तो लागू झाला. प्रौढ पुरुषाचे तास मात्र मोकळेच राहिले. त्यांस बारांची मर्यादा पडावयास १९११ साल उजाडलें.

लोखंडे यांच्या संस्थेस आजच्या अर्थानें कामगार-संघ म्हणावें कीं नाहीं, हा वाद जुना आहे. तिला सभासदांची यादी नव्हती, फंड नव्हता, छापील नियम नव्हते, हें त्या वेळच्या सरकारी अहवालांतच नमूद आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याची किंमतही पुढें मोजावी लागली. कारण संस्थापकाच्या मागें ती टिकली नाहीं. पण ज्याचा पगारच महिनाभर थकलेला, त्यानें वर्गणी कोठून द्यावी? धागा मात्र तुटला नाहीं. १९०९ सालीं सी. के. बोले प्रभृतींनीं मुंबईंत कामगार हितवर्धक सभा काढली. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषद प्रथम भरली, तेव्हां हिंदी कामगारांच्या वतीनें नारायण मल्हार जोशी तेथें गेले. दुसऱ्याच वर्षीं, ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं, मुंबईंत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. १९२१ सालीं जिनीव्हा येथें आठवड्याच्या विश्रांतीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९२३ सालीं हिंदुस्थाननें तो मान्य केला. महालक्ष्मीच्या सभेस त्या वेळीं तेहतीस वर्षें झालीं होतीं.

लोखंडे यांचें लक्ष केवळ गिरणीपुरतें नव्हतें. ज्या वर्षीं रविवार मिळाला त्याच वर्षीं त्यांनीं मुंबईच्या नाभिकांची सभा भरवून, विधवांचें केशवपन आम्ही करणार नाहीं, असा निश्चय त्यांच्याकडून करविला. सुधारकांचे ग्रंथ आणि व्याख्यानें एका बाजूस, आणि ज्याच्या हातांत वस्तरा त्यानेंच तो खालीं ठेवणें दुसऱ्या बाजूस! कामगार-चळवळीचें मर्म सामाजिक सुधारणेस लावण्याचें असें दुसरें उदाहरण मला आठवत नाहीं. १८९३ च्या ऑगस्टांत मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला. कामगारवस्तीच त्यांत होरपळली. लोखंडे यांनीं दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून खटपट केली आणि राणीच्या बागेंत मोठी सभा भरविली. पुढें सरकारनें त्यांस रावबहादुर ही पदवी दिली आणि जस्टिस ऑफ दि पीस नेमलें.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांस प्लेगचा पहिला रोगी आढळला. ही तीच मांडवी, जेथें लोखंडे यांनीं एके काळीं गिरणीचें कोठार सांभाळलें होतें. शहर रिकामें होऊं लागलें. ज्यांना गांव होतें ते गांवीं पळाले, ठाण्या-कल्याणकडे येणाऱ्या गाड्या माणसांनीं भरून वाहूं लागल्या. सरकारी इस्पितळाची लोकांस रोगाहून अधिक दहशत बसली होती. तेथें नेलेला माणूस परत येत नाहीं, असा समज घरोघर पसरला. तेव्हां आपलींच माणसें शुश्रूषा करतील असें मराठा इस्पितळ काढण्यांत लोखंडे यांनीं पुढाकार घेतला आणि ते रोग्यांमध्यें वावरूं लागले. त्यांतच त्यांना प्लेगनें गांठलें. ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्यांचें निधन झालें. वय पन्नाशीच्या आंत होतें. एका महिन्यानें, १० मार्च रोजीं, पुण्याजवळ रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले याही त्याच सांथींत निवर्तल्या.

‘दीनबंधु’ बंद पडलें नाहीं. वासुदेव लिंगोजी बिर्जे यांनीं तें हातीं घेतलें, आणि त्यांच्या पश्चात् त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनीं संपादकाच्या जागीं बसून तें चालविलें.